कोर्ट सुटल्यानंतरची गोष्ट

प्रिय सुधीर,

स. न. वि. वि.

पत्र मिळालं. ‘सत्ता कशी चालते ते कळून घ्यायचं तर निकालपत्रं वाच, चौकशी आयोगांचे अहवाल वाच. सिनेमा म्हणजे शेवटी रचलेली गोष्ट,’ असं तू लिहिलंयस. वकिलाला शोभतंय खरं. पण रचलेल्या गोष्टीला सत्ताधारी किती घाबरतात, हे तुझ्याच धंद्यातल्या कागदांवर आहे की! खासदार अमृत नाहटांचा ‘किस्सा कुर्सी का’ हा सिनेमा आणीबाणीत जप्त झाला, प्रिंटा नष्ट केल्या गेल्या. त्यावर खटला उभा राहिला. खालच्या कोर्टात संजय गांधी आणि आणीबाणीतले माहितीमंत्री विद्याचरण शुक्ल यांना शिक्षा झाली, सुप्रीम कोर्टात दोघे सुटले. नुसत्या करमणुकीसाठी कोण एवढा खटाटोप करतं?

माझं म्हणणं मात्र वेगळं आहे. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (2014) तू पाहिला नाहीस याचं मला नवल वाटतं. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला तो तुमच्या नागपूरच्या वीरा साथीदार यांनी, आयुष्यभर चळवळीत राहिलेल्या माणसाने. कांबळेवर आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. आता त्या कामगाराच्या बायकोची साक्ष बघ. ती चढ्या आवाजात काही बोलत नाही. सांगते, नवरा आत उतरण्याआधी खडा टाकून बघायचा. झुरळं बाहेर आली तर आत जीव जगतो, म्हणजे उतरायला हरकत नाही. संरक्षणाचं साधन म्हणून काय, तर झुरळ! हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा नवा कायदा 2013 चा. तो कागदावर आहेच, आणि इथे खडा आहे. अहवालात हे एका ओळीत येतं आणि आपण पुढच्या परिच्छेदाला लागतो. ती बाई मात्र सपाट आवाजात सांगत राहते आणि कॅमेरा हलत नाही, त्यामुळे आपल्यालाही हलता येत नाही.

पण मला सगळ्यात अस्वस्थ केलं ते सरकारी वकील बाईंनी. गीतांजली कुलकर्णीने काय काम केलंय! कोर्टात ब्रिटिशांच्या वेळचे कायदे एका सुरात वाचून दाखवते. तू म्हणशील, असे सरकारी वकील मी रोज बघतो. बघतोस, पण पाच वाजेपर्यंतच. सिनेमा तिच्यामागून लोकलच्या लेडीज डब्यात चढतो, तिच्या घरी जातो. ती स्वयंपाक करते, घरच्यांबरोबर नाटकाला जाते. त्या नाटकात परप्रांतीयांची टिंगल आहे आणि सगळं थिएटर हसतंय. ती दुष्ट नाही रे. आपल्या एखाद्या मावशीसारखीच आहे. त्या म्हाताऱ्या शाहिराला वर्षानुवर्षं आत ठेवायला द्वेष लागतच नाही. पुढची तारीख आणि घरी जायची घाई एवढ्यावर भागतं. हे कुठलं निकालपत्र सांगणार? निकालपत्राला पाचनंतरचं दिसत नाही.

न्यायाधीश सदावर्तेंचंही तसंच. बिनबाह्यांचा कपडा घालून आली म्हणून एका बाईचं प्रकरण ऐकायचंच नाकारतात. पुढे सुट्टीत सहलीला गेल्यावर एका ओळखीच्याला मुलाच्या नावाबद्दल आणि खड्याच्या अंगठीबद्दल सल्ला देतात. तेवढाच गंभीर चेहरा, तीच खात्री. जामीन नाकारणारं आणि अंगठी सुचवणारं डोकं एकच आहे, हे दिग्दर्शक कुठेही बोलून दाखवत नाही.

‘सामना’ तुला आठवत असेलच. 1975 चा, म्हणजे आणीबाणी लागली त्याच वर्षीचा. पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. निळूभाऊ फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील किती अगत्यशील आहे! रस्त्यावरच्या दारुड्या मास्तराला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो. साखर कारखान्याचा मुलूख त्याच्या मुठीत आहे आणि तरी तो आपल्याला आवडतो. खरा डाव इथेच आहे. डॉ. लागूंचा मास्तर गायब झालेल्या एका माणसाबद्दल ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ विचारत राहतो, तेव्हा क्षणभर आपल्यालाच वाटतं, ज्याचं खातोस त्यालाच काय छळतोस? हे वाटणं म्हणजेच त्या मुलखातली सत्ता. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्यांना प्रश्न विचारायची चोरी. (राष्ट्र सेवा दलात घडलेल्या निळूभाऊंनी हा सहकारसम्राट इतका गोड रंगवावा, याची मला अजून गंमत वाटते.) शेवट मला थोडा नाटकी वाटतो, पण असू दे.

अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनीच केलेल्या ‘सिंहासन’वर लिहीत बसलो तर पत्र संपायचं नाही. एवढंच म्हणतो की साधूंसारखा मुरलेला पत्रकारसुद्धा मंत्रालयातलं सगळं सांगायला कादंबरीकडेच वळला. बातमीला सूत्रं लागतात, दुजोरा लागतो. माणसं खुर्चीसाठी आतून कशी वाकत जातात, याला दुजोरा कोण देणार?

सगळेच राजकीय सिनेमे असे असतात असं नाही. खलनायक मंत्री, ईमानदार इन्स्पेक्टर आणि शेवटच्या रिळात भाषण असलं की मला जांभई येते. त्यातून कळतं एवढंच की वाईट माणसं वाईट असतात.

तर ‘कोर्ट’ बघ. वहिनींनाही बरोबर बसव, त्यांची नजर तुझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. आणि बघून झाल्यावर एक सांग. सरकारी वकील बाई एके ठिकाणी सहकाऱ्यांशी बोलताना म्हणून जाते, की त्याला वीस वर्षं आत टाकून मोकळं व्हावं. तुमच्या बार रूममध्ये असं सर्रास बोलतात का? आणि बोलतात तेव्हा तू काय करतोस? वकिली उत्तर नको, खरं लिही.

काकांच्या गुडघ्याचं कळव. सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
मोहन