थुंबाच्या आधीचे मित्र

‘अवकाशाकडे भारताची झेप’ हा रविवार पुरवणीतील लेख वाचला. भारतीय अवकाशविज्ञानाचा आरंभ 21 नोव्हेंबर 1963 च्या केरळमधील थुंबा येथील अग्निबाणापासून धरणे मात्र पटले नाही. ती सुरुवात प्रक्षेपणाची. वरच्या वातावरणाचा अभ्यास कोलकात्यात भौतिकशास्त्रज्ञ शिशिरकुमार मित्र त्याआधी तीन दशके करत होते, तोही जमिनीवरूनच! रेडिओलहरी वर सोडायच्या, आयनांबरावरून, म्हणजे वरच्या वातावरणातील विद्युतभारित थरांवरून, परतणारा प्रतिध्वनी टिपायचा आणि लागलेल्या वेळेवरून थराची उंची काढायची. अशा मोजणीतून 1930 च्या सुमारास त्यांनी आयनांबराच्या ‘ई’ थराचा प्रायोगिक पुरावा मिळवला. वरच्या वातावरणावरचा त्यांचा ग्रंथ 1947 मध्ये एशियाटिक सोसायटीने छापला. पुढे त्याचे रशियन भाषांतरही झाले.

आमच्या लहानपणी बुधवारी रात्री आठला वडील रेडिओचा काटा केसभर इकडेतिकडे सरकवत सिलोन केंद्र शोधत. खरखरीतून गाणे लागे, ते याच थरांवरून परतलेल्या लघुलहरींमुळे. शिशिरकुमार मित्र ऑगस्ट 1963 मध्ये गेले, थुंबाच्या उड्डाणाआधी जेमतेम तीन महिने. पानभर लेखात त्यांच्यासाठी दोन ओळी निघायला हव्या होत्या.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा