एकतीस दोन आणि एक मूळ संख्या

संपादक साहेब, नमस्कार.

परवा नातवाला मूळ संख्या शिकवत होतो, त्याच्या पुस्तकात शंभराच्या पुढं काहीच नाही, लै वाईट वाटलं बघा. २,१४,७४,८३,६४७ ही संख्या घ्या ना, एकतीस दोन एकमेकांशी गुणायचे अन् एक कमी करायचा, बस. ही मूळ आहे हे ऑयलर नावाच्या गणितज्ञानं १७७२ साली सांगितलं, तेव्हा त्याला जवळजवळ दिसतच नव्हतं! भागून बघायचं ते तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनीच, अन् त्यातही ६२ नं भागून बाकी १ उरते फक्त त्यांनीच, म्हणून तर कॉम्प्युटर नसताना हातानं जमलं. रविवारच्या पुरवणीत पोरांसाठी असं गणित छापा की.

— एक निवृत्त शिक्षक, परभणी