चि. सईस, एकांकिकेच्या संहितेबद्दल

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

संहिता दोनदा वाचली. संवाद चांगले उतरलेत, पण तुझा चार्ली चॅप्लिन पहिल्या प्रवेशापासून एकटा आहे. पाऊस, फाटका कोट, व्हायोलिन आणि तो. तो एकटा नव्हता गं. आई हॅना, चार वर्षांनी मोठा सिडनी आणि धाकटा चार्ली असं ते तिघांचं घर होतं, आणि त्यातला सिडनी तू दोन वाक्यांत गुंडाळलास. सिडनीला बाहेर काढलंस तर पुढचं काहीच पटत नाही. तो हॅनाला आधीच झालेला मुलगा, म्हणजे सावत्र भाऊ. पण चॅप्लिन हे आडनाव दोघांनाही मिळालं आणि 'सावत्र' हा शब्द त्या घरात कधी चालला नाही. तूही वापरू नकोस.

आधी पैशांचा हिशेब पक्का कर, कारण सगळं नाट्य त्यातच आहे. त्या वेळी पौंडाचे 20 शिलिंग आणि शिलिंगाच्या 12 पेनी. आपल्या जुन्या रुपये-आणे-पैशांसारखंच. गाण्याचा आवाज गेल्यावर हॅना घरी ब्लाउज शिवायची. दर डझनाला दीड शिलिंग, म्हणजे नगाला दीड पेनी, आणि एक डझन व्हायला बारा तास. तिचा एका आठवड्याचा उच्चांक 54 ब्लाउज. गुणाकार करून बघ: 81 पेनी, म्हणजे 6 शिलिंग 9 पेनी. शिवणयंत्र हप्त्यावर घेतलेलं होतं. हप्ते थकले आणि ते उचलून नेलं. तुझ्या संहितेत यंत्र शेवटपर्यंत खोलीत आहे! ते मधेच जाऊ दे. रिकामं टेबल प्रेक्षकांना दिसलं की तुझं ते अर्ध्या पानाचं स्वगत लागणारच नाही.

याच हिशेबातला सुटाचा किस्सा तू घेतलाच नाहीस, आणि माझ्या मते अख्ख्या बालपणात यापेक्षा चांगला विनोदी प्रसंग नाही. सिडनी तारवाला पोऱ्या झाला. सोमवार ते शुक्रवार अंगावर टपालखात्याचा गणवेश, म्हणून आईने शनिवार-रविवारसाठी त्याला 18 शिलिंगांचा निळा सूट घेतला. ही चैन परवडणारी नव्हतीच. मग सोमवारी सकाळी सूट गहाण, 7 शिलिंग हातात. शनिवारी सोडवून आणायचा. सोमवारी पुन्हा गहाण. वर्षभराहून जास्त हे चाललं. शेवटी एका सोमवारी सावकाराने विजारीत हात घालून दाखवला, तर तिच्यातून पलीकडचं दिसत होतं. म्हणाला, आता सात नाही. कोट आणि वेस्टकोटाचे फार तर तीन देईन. रंगमंचावर हे तीनदा दाखव. पहिल्या वेळी सावकार सूट नीट उलगडून पाहतो, दुसऱ्या वेळी न पाहताच पैसे देतो, तिसऱ्या वेळी विजार दिव्यासमोर धरतो. दुसरी फेरी पहिलीच्या निम्म्या वेळात उरकली पाहिजे, नाहीतर हशा येत नाही. चौथी फेरी नको.

वर्कहाउसला तू 'अनाथाश्रम' म्हटलं आहेस, ती चूक आहे. ज्यांच्याकडे काहीच उरलं नाही अशा कुणालाही तिथे जावं लागे, आई-बाप असले तरी. दारातच बायका एकीकडे, मुलं दुसरीकडे. स्वतःचे कपडे काढून घ्यायचे, ते वाफेत घालून बांधून ठेवायचे, आणि अंगावर संस्थेचे कपडे. पहिल्यांदा ते 1896 मध्ये लंडनमधल्या एका वर्कहाउसमध्ये गेले. तिथून दोघा भावांना शहराबाहेर हॅनवेलच्या गरिबांच्या शाळेत पाठवलं. सिडनी काही महिन्यांत 'एक्समाउथ' या प्रशिक्षण-जहाजावर गेला आणि सात वर्षांचा चार्ली एकटा उरला. एकटेपणा दाखवायचाच असेल तर तो इथे दाखव. तिथे त्याच्या डोक्यात नायटा झाला, तेव्हा केस भादरून आयोडीन फासलं होतं. 1898 च्या जानेवारीत तो सुटला, आणि त्याच वर्षी जुलैत तिघंही पुन्हा वर्कहाउसमध्ये.

आता 12 ऑगस्ट 1898. हा दिवस तुझ्या एकांकिकेचा मध्य असायला हवा. वर्कहाउसच्या कायद्यात एक फट होती: वर्कहाउसमधल्या माणसाला आगाऊ कळवून बाहेर पडता येत असे. हॅनाने तसं कळवलं. मुलं तेव्हा नॉरवुडच्या शाळेत होती, त्यांना आणवलं, तिघांचे कपडे परत मिळाले. वाफेत घालून गुंडाळलेले, इस्त्री नाही, त्यामुळे पार चुरगळलेले. (कपडेपटाला सांग: फाटके नकोत, चुरगळलेले हवेत. फरक आहे.) जायला घर नव्हतंच. सिडनीच्या रुमालाच्या गाठीत 9 पेनी होत्या. त्यातून अर्धा पौंड काळ्या चेरी घेतल्या, जेमतेम पाव किलो, आणि केनिंग्टन पार्कच्या बाकावर बसून खाल्ल्या. सिडनीने वर्तमानपत्राचा बोळा करून त्याला दोरा गुंडाळला आणि चेंडू केला. तिघंही झेलाझेली खेळले. दुपारी कॉफीच्या दुकानात उरलेले पैसे संपवले: दोन पेनीचा गोड पाव, एका पेनीचा धुरावलेला मासा, अर्ध्या-अर्ध्या पेनीचे दोन कप चहा. तीन माणसांत दोन कप, हे विसरू नकोस. तिसरा कप टेबलावर दिसला की प्रसंग संपला. मग परत बागेत. हॅना क्रोशाचं विणकाम करत बसली, मुलं खेळली, आणि संध्याकाळच्या चहाच्या वेळेला तिघं पुन्हा वर्कहाउसच्या दारात. अधिकारी चिडले, कारण पुन्हा सगळी नोंदणी, पुन्हा कपडे वाफेत. इथे कुणालाही रडवू नकोस. आईने कायदा वापरून एक दिवस मिळवला, तो तिचा डाव आहे. हॅनाचं काम करणारीने तो दिवस मिश्कीलपणे खेळावा.

पुढच्याच महिन्यात तिचं मन बिघडलं आणि तिला केन हिलच्या मनोरुग्णालयात हलवलं, हे प्रेक्षकांना नंतर कळलं तरी पुरे.

वडिलांबद्दल. तू त्यांना पट्टा घेऊन उभं केलं आहेस. थोरले चार्ल्स चॅप्लिन म्युझिक हॉलमधले बऱ्यापैकी नावाजलेले गायक होते. त्या थिएटरांची मोठी कमाई बारवर चाले, आणि गाणं झाल्यावर कलाकाराने गिऱ्हाइकांबरोबर प्यायला बसावं अशी अपेक्षा असे. त्यात कित्येक गायक गेले. हेही 1901 च्या मे महिन्यात गेले, चाळिशीही न गाठता. घर सोडलं, पैसे वेळेवर दिले नाहीत, हे खरंच आहे. पण हॅना केन हिलमध्ये असताना दोघं भाऊ केनिंग्टन रोडवर त्यांच्याकडेच होते, आणि चार्ली त्यांना जेवताना टक लावून बघत बसायचा: सुरी पेनासारखी कशी धरतात, मांस कसं कापतात. पुढे कितीतरी वर्षं तो त्यांची नक्कल करत असे. पट्ट्याऐवजी सुरी दे.

नक्कल त्याला खरी शिकवली ती आईने. ती खिडकीशी बसून रस्त्यावरच्या माणसांची नक्कल करायची आणि सांगायची: याच्या बुटांना पॉलिश नाही, पाय ओढत चाललाय, बायकोशी भांडून उपाशी निघालाय, बघ, आता पाव घ्यायला वळेल. आणि तो वळायचा. हॅनाला नुसती दुःखी खुर्चीत बसवू नकोस, खिडकीशी बसव.

पाच वर्षांचा चार्ली आईचा आवाज फाटल्यावर रंगमंचावर जातो, तो ऑल्डरशॉटचा प्रसंग सगळेच घेतात. घे, पण पूर्ण घे. लोकांनी नाणी फेकल्यावर त्याने गाणं थांबवून सांगितलं की आधी पैसे गोळा करतो, मग गातो. व्यवस्थापक रुमाल घेऊन मदतीला आला, तर हा बिथरला, की तोच पैसे ठेवून घेणार. ते आईच्या हाती पडेपर्यंत त्याची पाठ सोडली नाही. हशा तिथे झाला.

मेथली स्ट्रीटवरची खोली लोणच्याच्या कारखान्यापाशी होती आणि जवळच कत्तलखाना. एकदा तिथून एक मेंढी सुटली. तिला पकडताना लोक एकमेकांवर आपटले, चार्ली पोट धरून हसला. आणि तिला परत आत नेल्यावर त्याला कळलं की आता तिला मारणार. रडत आईकडे पळाला. मेंढी रंगमंचावर आणू नका, पुठ्ठ्याची तर नकोच. रस्त्याकडे बघणारं पोराचं तोंड आणि आवाज एवढ्यात ते होतं.

'एट लँकशायर लॅड्स' म्हणजे लाकडी तळाचे बूट घालून नाचणारी पोरांची टोळी. चार्लीला टोळीत उभं राहण्याआधी सहा आठवडे सराव करावा लागला. जेवणखाण, राहणं मालकाचं आणि आईला आठवड्याला अडीच शिलिंग. तुमच्याकडे तसे बूट नसणार. साध्या चपलांना पातळ प्लायवुड ठोका आणि रिकाम्या फळ्यांवर नाचा. गालिचा असेल तर ठेका मरतो. घुंगरू अजिबात नको.

शेवट तू हॉलिवुडवर केलास. मी तो 1903 वर करेन. हॅना पुन्हा केन हिलमध्ये. त्याआधी ती शेजाऱ्यांच्या दारोदार कोळशाचे तुकडे वाटत फिरली होती, वाढदिवसाची भेट म्हणून. चौदा वर्षांच्या चार्लीला शेरलॉक होम्सच्या नाटकात बिली या पोऱ्याचं काम मिळतं, पगार आठवड्याला अडीच पौंड. नाटक कंपनीच्या माणसासमोर तो गंभीर तोंडाने म्हणतो, अटींबद्दल भावाशी बोलावं लागेल. सिडनी जातो, जास्त मागून बघतो, तो माणूस हलत नाही. चार्लीला धड वाचता येत नाही, म्हणून सिडनी भूमिका मोठ्याने वाचतो आणि तो ऐकून पाठ करतो. तेवढ्यात नेपथ्यातलं रिकामं टेबल प्रकाशात येऊ दे. अडीच पौंड म्हणजे पन्नास शिलिंग. टेबलावर कुणीतरी दीड पेनीचा एक ब्लाउज विसरून गेलंय.

सुधारलेली संहिता गुरुवारपर्यंत पाठव. आईने तिळाच्या वड्या दिल्यात, तालमीला वाट.

तुझा,
बाबा