बाबा, क्रेन चालू झाली

ती. आई, ती. बाबा,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

बाबा, क्रेन चालू झाली. आम्ही दुरुस्त करतोय त्या जुन्या लष्करी ट्रकचं इंजिन मे महिन्यातच सुरू झालं होतं, तो व्हिडिओ तुम्ही पाहिलात. पण तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात तेच खरं. ब्रेकडाऊनची गाडी नुसती रस्त्यावर धावली म्हणजे चालू झाली असं होत नाही, तिनं दुसरी गाडी उचलली पाहिजे. गेल्या शनिवारी तिनं उचलली. एक जुना ट्रॅक्टर, मागची चाकं जमिनीपासून हातभर वर घेतली आणि तसाच लटकत ठेवला. वायररोप, म्हणजे तारांचा दोर, गुंडाळणाऱ्या ड्रमचा ब्रेक सूतभरही सरकला नाही.

फोटोत नाव पुसट होतं म्हणून लिहिते. डायमंड टी ९६९, चार टनी ट्रक, तिन्ही अ‍ॅक्सलना ड्राइव्ह. कंपनी इथलीच, शिकागोची, सी. ए. टिल्ट यांनी १९०५ मध्ये काढलेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी अशा सहा हजारांहून जास्त गाड्या बनल्या. इंजिन हर्क्युलिसचं, सहा सिलिंडर, ८.७ लिटर, पेट्रोलवर चालणारं. ते फारसं अवघड गेलं नाही. प्लगच्या भोकांतून तेल सोडून मुरू दिलं, हँडलनं हळूहळू फिरवून मोकळं केलं, अडकलेले व्हॉल्व्ह सोडवले, टाकीतला गंज काढला. ब्रेक हवेचे आहेत. त्यांचे रबरी डायफ्रॅम तडकून गेले होते, ते सगळे नवीन घातले.

खरं काम मागच्या क्रेनचं. ती होम्सची. तुम्हाला हा माणूस आवडेल, बाबा. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावात अर्नेस्ट होम्स गॅरेज चालवायचे. ओळखीच्या एकाची मोटार ओढ्यात पडली, ती काढायला माणसं, दोर आणि कप्प्या लावून तासन् तास झटावं लागलं. त्यानंतर १९१६ मध्ये त्यांनी १९१३ च्या कॅडिलॅकवर खांब, कप्पी आणि साखळी बसवून गाडी ओढणारी गाडी तयार केली. आपल्या ट्रकवरची क्रेन त्याच कारखान्याची. हिला एक नाही, दोन बूम, म्हणजे उचलायचे लांब दांडे, आहेत, प्रत्येकी पाच टन उचलणारे. दोन्ही मागे सरळ ठेवता येतात, किंवा एक डावीकडे आणि एक उजवीकडे वळवता येतो.

दोन कशाला, हे इथल्या एका तरुण मुलानं विचारलं आणि मला पटकन सांगता आलं, कारण ते मी तुमच्याकडून ऐकलेलं होतं. दरीकडे कललेली गाडी एका बाजूनं ओढायला गेलं, की ओढणारी गाडीच तिच्याकडे कलते. म्हणून एका बूमची वायररोप विरुद्ध बाजूच्या झाडाला बांधायची, मग दुसऱ्यानं ओढायचं. 'आधी धर, मग ओढ,' असं तुम्ही जेवताना ताटात भाताचा डोंगर करून दाखवायचात. महाड डेपोच्या ब्रेकडाऊन व्हॅनला असे दोन बूम नव्हते. वरंधा घाटात पावसात एसटी कठड्यावर लटकलेली असायची, आणि तुम्ही एकाच बूमवर, चेनपुली आणि झाडांच्या भरवशावर हेच करायचात.

आई, तू नेहमी विचारतेस, सुट्टीच्या दिवशी लोखंडात हात घालून तुला मिळतं काय. नीट सांगते. बाबा हल्ली म्हणतात, आपण आयुष्यभर पडलेल्या गाड्या उचलल्या, त्यात कसलं आलंय शिक्षण. मला ते ऐकवत नाही. त्या ड्रमचा क्लच उघडल्यावर, सुकून दगड झालेलं ग्रीस रॉकेलनं धुताना, मला कळत गेलं की बाबांच्या हातात किती हिशोब होता. जुनी वायररोप वरून बरी दिसत होती. बाबांनी सांगितल्याप्रमाणे कॉटन वेस्ट धरून तिच्यावरून फिरवलं, तर ठिकठिकाणी तुटलेल्या तारांना धागे अडकले. पीळ उकलून पाहिला, तर आतला गाभा कोरडा आणि गंजलेला. दोन्ही रोप बदलल्या. ती रोप तशीच ठेवली असती, तर शनिवारी काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

आणि काळजी करू नकोस. ताणलेल्या रोपच्या रेषेत कोणी उभं राहत नाही, उचललेल्या वजनाखाली कोणी वाकत नाही. हा नियम मीच लावला आहे.

गाडीचे मालक इथले एक म्हातारे शेतकरी. काहींचं म्हणणं होतं, चकचकीत रंग द्या आणि मिरवणुकीत काढा. मी विरोध केला. १९४४ मध्ये ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समध्ये 'रेड बॉल एक्स्प्रेस' नावाची ट्रकची रांग रात्रंदिवस आघाडीला पेट्रोल आणि दारूगोळा पुरवत होती. चालवणारे बहुतेक कृष्णवर्णीय जवान. रांगेतला ट्रक बंद पडला, की तो बाजूला घेणाऱ्या गाड्या आणि मेकॅनिक लागत. त्यांची नावं फारशी कुठे येत नाहीत. या गाडीला मान द्यायचा, तर तिचं काम तिला करू द्यावं, असं मी म्हटलं. मालकांनी मान हलवली. आता रंग नंतर.

आता कामाचं. बाबांचा हात थरथरतो हे मला माहीत आहे, म्हणून आई, तू लिहून घे, बाबा सांगतील. शंभर पानी वही आण. घाटातल्या एकेका ब्रेकडाऊनचं लिहायचं: कुठलं वळण, गाडी कशी पडली होती, पहिली साखळी कशाला बांधली, माणसं किती होती, अंधारात इशारे कसे द्यायचे. बाबा 'त्यात काय सांगायचं' म्हणतील, तरी तू सोडू नकोस. तुला त्यातलं निम्मं पाठ आहे, ते उठून गेले, की वाट बघत बसायचीस तूच.

आणि बाबा, पहिला प्रश्न माझाच. दोन स्लिंगनी, म्हणजे हुकाला अडकवून वजनाला बांधायच्या दोरांनी, वजन उचलताना त्या पसरट झाल्या, की प्रत्येकीवरचा ताण वाढतो. जमिनीशी ३० अंशांवर आल्या, तर प्रत्येकीवर अख्ख्या वजनाइतका ताण येतो. मी हे कागदावर गणित करून काढते. तुमच्याकडे कोनमापक नव्हता, बॅटरीचा उजेड तेवढा होता. स्लिंग जास्त पसरली आहे, हे तुम्ही कशावरून ओळखायचात? रविवारी फोन करते, तोवर आठवून ठेवा.

तुमची,
सुमा