व्हर्च्युअल-ऑन आणि दोन दांडे

प्रिय समीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. वहिनींची तब्येत आता पूर्ण सुधारली हे वाचून जीव भांड्यात पडला. बाकी पत्र एकदाच वाचलं, पण शेवटी घाईघाईत खरडलेल्या चार ओळी मात्र मी पुन्हा पुन्हा वाचल्या. 'तुझा तो व्हर्च्युअल-ऑन अखेर खेळून पाहिला. रोबो पळतात, गोळ्या झाडतात, अर्ध्या तासाच्या आत खेळ संपतो. एवढी वर्षं लोक याला का धरून बसलेत?' असं तू विचारलंयस. तू मनापासून विचारलंयस, म्हणून मीही सविस्तर लिहायला बसलोय.

आधी मला सांग, तू तो पॅडवर, म्हणजे नेहमीच्या बटणांच्या कंट्रोलरवर खेळलास ना? पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण तुझ्या तक्रारीवरूनच कळतं. 'वळायला गेलो की मार खातो, समोरचा सारखा नजरेआड होतो' ही तक्रार पॅडवाल्याचीच. माझीही पहिली ओळख अशीच झाली होती. सॅटर्न या घरगुती खेळयंत्राचा पॅड, दोघांसाठी मधोमध कापलेला पडदा आणि माझ्या अर्ध्या भागात कायम कोपऱ्यातून निसटणारा शत्रू. सरकायला एक बटण, वळायला दुसरं, उडीला तिसरं. आठवडाभर झटापट केली आणि डिस्क डब्यात घालून ठेवली. पुढे एका मित्राकडे दोन दांड्यांचा तो जुना कंट्रोलर पहिल्यांदा मांडीवर घेतला आणि त्या संध्याकाळी मला कळलं, की मी आधी खेळलो तो हा खेळ नव्हताच.

हे नीट सांगतो. १९९५ साली सेगा या जपानी कंपनीच्या एएम३ विभागाने हा खेळ आर्केडसाठी, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या खेळघरांसाठी काढला तेव्हा तिथल्या यंत्रावर फक्त दोन दांडे होते, एक डाव्या हाताला, एक उजव्या. प्रत्येकावर तर्जनीखाली ट्रिगर आणि अंगठ्याखाली डॅशचं, म्हणजे सुसाट धावण्याचं बटण. बस्स. दोन्ही दांडे पुढे ढकलले की रोबो पुढे जातो. दोन्ही डावीकडे नेले की तोंड न फिरवता डावीकडे सरकतो. उजवा पुढे आणि डावा मागे घेतला की जागच्या जागी डावीकडे वळतो. पोकलेन चालवणारा माणूस नेमकं हेच करतो: एक पट्टा पुढे, एक मागे. डाव्या ट्रिगरला डावं शस्त्र, उजव्याला उजवं, दोन्ही एकदम दाबले की मधलं. अगदी जवळ गेलास तर त्याच ट्रिगरने तलवार फिरते.

आता उडी. दोन्ही दांडे एकमेकांपासून बाहेर फाकवले की रोबो उडतो, एकमेकांकडे आत आणले की वाकतो. सगळा खेळ या दोन हालचालींत आहे, समीर. कारण असं, की डॅश मारलास की तू सरळ रेषेत सुसाट जातोस आणि शत्रू मागे कुठेतरी राहतो. वळून त्याला शोधायला वेळ नसतो. पण उडी मारली की रोबो आपोआप शत्रूकडे तोंड करतो. म्हणून मुरलेले खेळाडू डॅश संपताच उडी मारतात आणि वर जाण्याआधीच ती मोडून टाकतात. दांडे बाहेर, लगेच आत. टाळी वाजवताना हात उघडून मिटावेत तसं. एवढ्याशा झटक्यात तू जमिनीवरच असतोस आणि शत्रू नाकासमोर. पॅडवर यासाठी दोन बटणं शोधावी लागतात. दांड्यांवर ती एकच हालचाल आहे, आणि काही तासांनी हात ती न विचारता करायला लागतात. 'समोरचा नजरेआड होतो' या तुझ्या तक्रारीचं उत्तर हेच.

दुसरी गोष्ट जमिनीवर टेकण्याची. उंच उडून खाली आलास की पाय टेकताना रोबो क्षणभर अडखळतो. डॅशमध्ये गोळी झाडलीस तरी शेवटी तसाच क्षणभर अडकतो. फटके बसतात ते याच क्षणी. त्या रात्री मी टेम्जिन घेतला होता आणि मित्राने रायडेन. टेम्जिन म्हणजे सगळ्यात समतोल, हातातल्या एकाच शस्त्राने गोळीही झाडतो आणि वारही करतो. रायडेन जडशीळ, जाड चिलखताचा, खांद्यांवर दोन लेझर. मी गोल गोल डॅश करत त्याच्यावर गोळ्या सोडत होतो आणि मला वाटत होतं, हा नुसता उभा आहे. तो नुसता उभा नव्हता, माझी उडी कधी संपते ते बघत होता. माझा पाय जमिनीला लागला आणि त्याच निमिषात दोन्ही लेझर एकदम आले. माझी आयुष्याची पट्टी किती खाली गेली ते बघायलाही सवड मिळाली नाही. पुढच्या फेरीत मी उतरण्याच्या आधी डावा बॉम्ब टाकायला लागलो, स्फोटाच्या घुमटाआड उतरायला. मग त्याने वेळ बदलली. मग मी. पहाटे तीनला आम्ही थांबलो तेव्हा माझी बोटं ट्रिगरच्या आकारात वाकलेली राहिली होती. मायक्रोस्विचची ती टकटक अजून कानात आहे.

असे आठ रोबो, आठही एकमेकांपासून इतके वेगळे की रोबो बदलला की खेळ बदलतो. व्हायपर २ कागदासारखा हलका, हवेत दिशा बदलणारा. अफार्म्ड जवळून मारणारा. फेई-येनचं आयुष्य निम्म्याच्या खाली गेलं की ती सोनेरी होऊन आणखी खवळते. हरत आलेल्या माणसाला मिळणारा हा आधार मला सगळ्या मांडणीतला फार सुंदर विचार वाटतो. यंत्रांची रूपं हाजिमे काटोकी यांची, गंडम या जपानी रोबो-मालिकेतल्या यंत्रांसाठी नावाजलेले तेच. त्यांचे रोबो नुसते उभे राहिले तरी वजन जाणवतं.

१९९५ सालीच पीसीवर मेकवॉरिअर २ आला होता, आठवतोय ना? तू त्याचा भक्त. तिथे रोबो म्हणजे चालता रणगाडा: इंजिन तापतंय का बघा, धड एकीकडे फिरवा, पाय दुसरीकडे चालवा. तो खेळ छानच होता. पण त्यात तुम्ही यंत्राच्या आत बसलेले असता. व्हर्च्युअल-ऑनमध्ये यंत्र तुमच्या मनगटांना चिकटलेलं असतं. मला वाटतं, ही तुलना मनात ठेवूनच तू खेळायला बसलास आणि गाडी तिथेच घसरली.

आता लोकांनी त्याला कसं स्वीकारलं ते. जपानमधल्या आर्केडमध्ये खेळाडू शेजारी शेजारी बसायचे, प्रत्येकाला स्वतःचा पूर्ण पडदा आणि स्वतःचे दोन दांडे. तिथे हा खेळ मुरला, स्पर्धा झाल्या, एकेका रोबोवर आयुष्य काढणारी माणसं तयार झाली. घरी आला तेव्हा सूर बदलला. सॅटर्नवर तो १९९६ मध्ये उतरला. जपानमध्ये त्याच्यासाठी दोन दांड्यांचा वेगळा कंट्रोलर निघाला, पण घरोघरी खेळले गेले ते पॅडच. अमेरिकेत तर फोनलाइनवरून मॉडेमने दोघांना खेळता यावं म्हणून नेटलिंकची आवृत्तीही काढली. १९९७ मध्ये, विचार कर. ज्यांना पडदा वाटून घ्यायचा नव्हता त्यांचं दुःख सेगाला नेमकं कळलं होतं, असं मी म्हणेन. पुढचा भाग ओराटोरिओ टँग्राम १९९८ मध्ये आर्केडला आला आणि नंतर ड्रीमकास्ट या सेगाच्या पुढच्या घरगुती यंत्रावर. माझ्या मते मालिकेतला सर्वोत्तम. डॅश चालू असताना वळता येतं, हवेत खेळता येतं. अमेरिकेत तो २००० मध्ये ॲक्टिव्हिजन कंपनीने आणला, पण दोन दांडे तिथे विकायला आलेच नाहीत. मग तिथल्या खेळाडूने काय म्हणावं? चित्रं देखणी, वेग जबरदस्त, पण हाताळणी अवघड. पियानोचं गाणं बासरीवर वाजवायला दिलं आणि गाणं अवघड आहे असा शेरा मिळाला. मला याचा अजून राग येतो.

फोर्स हा पुढचा भाग २००१ मध्ये दोघांविरुद्ध दोघे असा आला, वेग उतरवून. जुन्या मंडळींना तो पटला नाही. त्याच वर्षी कॅपकॉम या कंपनीचा गंडमचा खेळही आर्केडमध्ये आला, तोही दोघांविरुद्ध दोघे, पण एक साधी स्टिक आणि मोजकी बटणं. कुणीही येऊन बसावं आणि पहिल्या मिनिटाला खेळावं. गर्दी तिकडे वळली आणि त्यात मला अन्याय दिसत नाही. दोन दांडे शिकायला लागतात तेवढे तास अनोळखी माणसाकडे मागायचे म्हणजे मोठं मागणं आहे. २००३ चा प्लेस्टेशन २ वरचा मार्झ मी सोडून देतो. तूही सोडून दे.

पण जे राहिले ते कसे राहिले, ते ऐक. २०१८ मध्ये प्लेस्टेशन ४ वर मालिकेचा नवा खेळ आला, आणि त्यासाठी दोन दांडे बनवायला पुढे आलं कोण? तानिता. वजनकाटे बनवणारी जपानी कंपनी! खेळाची उपकरणं तिचा धंदाच नव्हे. लोकांकडून आगाऊ पैसे जमवायचं ठरलं, एका संचाची किंमत ५५,४०० येन. पहिल्या खेपेला ठरलेली रक्कम जमली नाही आणि बेत फसला. असं झालं की बहुतेक ठिकाणी विषय संपतो. इथे ते पुन्हा उभे राहिले, पुन्हा आवाहन केलं आणि दुसऱ्या खेपेला लोकांनी रक्कम भरून काढली. तेवीस वर्षांपूर्वीच्या खेळाच्या दोन दांड्यांसाठी, अजून हातात न आलेल्या वस्तूसाठी, एवढी किंमत आधी मोजणारी माणसं! 'लोक याला का धरून बसलेत' या प्रश्नाला माझ्याकडे याहून मोठा पुरावा नाही. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, पहिले तीन आर्केड भाग एकत्र करून सेगाने प्लेस्टेशन ४ वर दिले. तू खेळलास तो बहुधा हाच संच.

तुझं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. एकट्याने खेळायला त्यात फार काही नाही. चंद्रावरची मोहीम, 'ऑपरेशन मूनगेट' आणि तुम्ही दुरून यंत्र चालवताय ही कल्पना छान आहे, पण संगणकाशी लढून आठ-दहा लढतींत झेड-ग्राट या शेवटच्या अवाढव्य शत्रूपर्यंत पोहोचलं की पुढे काही उरत नाही. हा खेळ आर्केडसाठी बनला होता, शेजारी दुसरा माणूस असणार हे धरून. शेजारची खुर्ची रिकामी असेल तर तो अर्धाच राहतो. तू तो अर्धाच पाहिलास, आणि तोही पॅडवर.

म्हणून एक विनंती आहे. पुढच्या महिन्यात तू चार दिवस येणार आहेस म्हणालास ना, त्यातली एक संध्याकाळ मला दे. दोन्ही कंट्रोलर मी उघडून साफ केलेत. एकाचा डावा ट्रिगर नीट लागत नव्हता, त्याचा स्विच बदलला. पहिला तासभर आपण लढायचंच नाही. तू नुसता मैदानात फिर, डॅश मार, आणि दांडे बाहेर-आत करत उडी मोडायचा सराव कर. मी समोर स्थिर उभा राहतो, म्हणजे प्रत्येक वेळी तोंड माझ्याकडे वळलं का ते तुला दिसेल. मग तू टेम्जिन घे, मी रायडेन घेतो. आणि जमिनीवर उतरताना सांभाळ, मी तिथेच बघत असेन.

वहिनींना नमस्कार सांग, चिमुकलीला आशीर्वाद. कोणत्या तारखेला निघतोस ते लगेच कळव.

तुझा,
अविनाश