आरक्षणाआधी जमिनीखालचा खडक पाहा

मा. संपादक,

शहराच्या विकास आराखड्यावरची चर्चा आरक्षणे (शाळा, बाग अशा कामांसाठी राखलेल्या जागा), रस्त्यांची रुंदी आणि एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण) यांपुढे सहसा सरकत नाही. जमीन काय सोसेल हे खालचा खडक ठरवतो आणि त्याचा नकाशा आराखड्याच्या टेबलावर क्वचितच असतो.

पुण्याखाली बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक आहे, म्हणून पाया कुठेही पक्का, ही समजूत घातक आहे. लाव्हाच्या थरांत काळा पाषाण (घट्ट, कठीण खडक) आणि मांजऱ्या (पोकळ्या असलेला, त्या मानाने मऊ खडक) आलटून पालटून येतात. काही थरांच्या सांध्यात तांबडा गेरू, म्हणजे मातीसारखा मऊ थर असतो. वरून मुरलेले पाणी गेरूवर अडते आणि बाजूला झिरपते. गेरू भिजला की मऊ पडतो, उघडा पडला की त्याचा भुगा होतो. तळघरासाठी टेकडीचा पायथा उभा कापला आणि त्यात फूटभर गेरू निघाला, तर तो झिजत जातो, वरचा पाषाण आधाराविना राहतो आणि पावसाळ्यात संरक्षक भिंतीमागे पाण्याचा दाब वाढतो. १:५ (पाच मीटर अंतरात एक मीटर) पेक्षा जास्त चढावर बांधकामाला बंदी आहे. पण हा नियम फक्त चढ मोजतो, खडक पाहत नाही. पायथ्याचा उतार कमी असला की नेमका हाच धोका निसटतो.

१:५०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. त्यात गेरूचा असा फूटभर पट्टा दिसणार कसा? १:५,००० वर काम हवे: विहिरी, ओढ्यांचे काठ, जुन्या खाणी, रस्त्यांचे काप पायी फिरून प्रत्येक थराची समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवायची. इथले थर बहुतांशी आडवे आहेत, त्यामुळे दोन ठिकाणी सापडलेला गेरू टेकडीभोवती साधारण कुठे निघेल, हे बोअर घेण्याआधीच सांगता येते. मधेच थर संपतो किंवा भेग येते, म्हणून बोअर टळत नाही. ते कुठे घ्यायचे ते कळते.

ओली झाली की फुगणाऱ्या काळ्या मातीची चाचणी तर अगदी स्वस्त आहे. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन नळ्यांत घ्या. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल भरून २४ तास ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातले आकारमान रॉकेलातल्या आकारमानाच्या दीडपटीहून जास्त भरले, तर साधा पाया त्या मातीत ठेवू नये, खाली मुरमापर्यंत न्यावा.

झऱ्यांच्या वरच्या अंगाला जिथे भेगाळ खडक उघडा आहे, तिथे काँक्रीट नको, पाणी मुरायला तीच जागा आहे.

बांधकाम परवान्यांसोबत येणारे माती-खडक परीक्षणाचे अहवाल एकेका प्रकल्पाच्या फाइलीत पडून राहतात. महापालिकेने प्रत्येक बोअरचे ठिकाण आणि उंची एका नकाशावर चढवावी आणि आरक्षणे टाकण्यापूर्वी तो नकाशा नागरिकांसाठी खुला करावा.

– एक भूवैज्ञानिक, पुणे