यंदा मे महिन्यात जरा उशिरा येतोय

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

परवा फोनवर "यंदा पंधरा मेनंतर येतो" एवढंच म्हटलं आणि आई, तू "बरं" म्हणून फोन बाबांच्या हातात दिलास. तुझ्या त्या "बरं"मध्ये काय काय असतं ते मला चाळीस वर्षांत पाठ झालंय. मागे कुकर शिट्ट्या मारत होता, चिऊ ओरडत होती, नीट काही सांगताच आलं नाही. म्हणून हे पत्र.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी देहरादूनला चाललोय, आइस स्केटिंगच्या शिबिराला. दोघी म्हणजे दोघी. चिऊला सोडायला म्हणून मी जात नाहीये, मीही शिकतेय.

बाबा, आता चष्मा काढून पत्र टेबलावर ठेवू नका, पुढे वाचा.

चिऊचे चाकांचे स्केट्स तुम्ही पाहिलेत. दिवाळीत अंगणात ती ते घालून फिरत होती तेव्हा तुळशीवृंदावनाला उशा बांधायची सूचना तुमचीच होती. खारघरला आमच्या सोसायटीच्या पोडियमवर सकाळी निम्मी मुलं चाकांवरच असतात. त्यांचे सर गेल्या वर्षापासून एका क्लबहाउसच्या हॉलमध्ये पात्याच्या स्केट्सवरही शिकवतात. तिथला बर्फ प्लास्टिकचा आहे. पॉलिइथिलीनची जाड पांढरी पॅनेल एकमेकांत अडकवून जमीन केलेली. ओल नाही, गारवा नाही, वर पंखे गरगरतायत आणि खाली मुलं हातमोजे घालून घामाघूम. त्यावर घर्षण खऱ्या बर्फापेक्षा जास्त, त्यामुळे प्रत्येक ढकल जोर लावून द्यावी लागते आणि पातीही लवकर बोथट होतात. सर म्हणतात, पाया घालायला हे पुरे, पण एकदा खरा बर्फ पायाखाली यायला हवा.

आणि खरा बर्फ नवी मुंबईत टिकवायचा म्हणजे काय प्रकरण आहे ते आत्ता मला कळलं. सिमेंटच्या लादीच्या पोटात नळ्यांचं जाळं असतं, त्यातून शून्याखाली थंड केलेलं मिठाचं पाणी किंवा ग्लायकॉल अखंड फिरतं. वर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवून तीन-चार सेंटिमीटरचा बर्फ करतात. रात्री रिंक, म्हणजे हे बर्फाचं मैदान, बंद, पण यंत्र बंद करता येत नाही. वर आपली खाडीची दमट हवा. ती आत शिरली की बर्फावर धुकं धरतं, म्हणजे हवा कोरडी करणारी यंत्रं वेगळी. देहरादूनचा रिंक २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधला आणि मग वर्षानुवर्षं बंद पडून होता. २०२५मध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि ऑगस्टमध्ये तिथे शॉर्ट ट्रॅकची, म्हणजे छोट्या ट्रॅकवरच्या स्केटिंग शर्यतींची, आशियाई स्पर्धासुद्धा झाली. सिमल्याला १९२०पासून उघड्यावर, नुसत्या थंडीने गोठवलेल्या बर्फावर स्केटिंग होतं, पण ते हिवाळ्यात. मे महिन्यात शाळेला सुट्टी, म्हणून देहरादून.

आता आईचा प्रश्न, जो तिने विचारला नाही पण मला ऐकू आला: या वयात पडलीस आणि हाड मोडलं तर?

आई, पहिला धडा पडण्याचाच असतो. दोन्ही गुडघ्यांत वाकायचं, हात पुढे ठेवायचे आणि एका कुशीवर, कमरेखालच्या मांसल भागावर बसत पडायचं. मागे हात टेकायचा नाही. माणूस पडताना हात मागे टाकतोच आणि मनगट तिथेच जातं. पडल्यावर लगेच मुठी मिटायच्या, म्हणजे दुसऱ्याची पाती बोटांवरून जाणार नाहीत. उठायचं ते आधी रांगल्यासारखं होऊन. मग एक पाऊल दोन हातांच्या मधे आणायचं, दोन्ही हात त्याच गुडघ्यावर ठेवायचे आणि वर. हे आम्ही उभं राहायला शिकण्याआधी शिकलो. हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं, मोठ्यांना मनगटाचे गार्डही.

मुलांचं बरं असतं. त्यांचं डोकं जमिनीपासून फार लांब नसतं, पडली तरी थोड्या उंचीवरून पडतात आणि हसत उठतात. मोठ्यांच्या तुकडीत आम्ही सगळे गुडघे ताठ करून, खाली बघत, कठड्याला चिकटून उभे होतो. त्यात एक बँकेतले गृहस्थ आहेत, घणसोलीच्या दोघी जावा आहेत आणि नेरूळच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. बाई सर्वांत पुढे आहेत, कारण सांगितलेलं निमूट करतात. बाकीचे आम्ही सरांशी वाद घालतो. सरांचं म्हणणं, कठड्याला धरलंत की अंगाचा तोल कठड्याकडे जातो आणि पाय विरुद्ध बाजूला पळतात. खरंच तसं होतं. मधोमध जाऊन, गुडघे वाकवून, समोर बघून उभं राहिलं की आपोआप स्थिर होतो.

पुढचा क्रम दोन्ही तुकड्यांना एकच. आधी जागच्या जागी पाय उचलत चालणं, मग चालता चालता थांबून दोन पायांवर घसरत जाणं, मग तसंच जाताना खाली बसल्यासारखं वाकणं. त्यानंतर चवडे बाहेर, टाचा जवळ असं सुरू करून पाय फाकवायचे आणि परत चवडे जवळ आणायचे, म्हणजे मागे माशासारखा आकार उमटतो. मुलं त्याला मासाच म्हणतात. चिऊचे मासे एका रांगेत येतात, माझे बोंबलासारखे वाकडे. थांबण्यासाठी टाचा बाहेर रेटून पात्याने बर्फ खरवडायचा. पुढे चवड्याजवळ करवतीसारखे दाते असतात, तो ब्रेक आहे असं प्रत्येक नवख्याला वाटतं. तो ब्रेक नव्हे. त्यावर भार दिला की तोंडावर.

बाबा, आता तुमच्यासाठी. तुम्ही नववीच्या वर्गात करायचात तो प्रयोग मी कधी विसरणार नाही. मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यातून गोणपाटात गुंडाळून आणलेली लादी, तिच्यावर तार, तारेच्या दोन टोकांना वजनं. तार लादीतून आरपार खाली यायची आणि लादी मात्र अखंड. दाबाने बर्फ वितळतो, दाब गेला की पुन्हा गोठतो. आणि मग तुम्ही म्हणायचात, म्हणूनच स्केटिंग करणारा माणूस घसरतो, त्याच्या पात्याखाली दाबाने पाणी होतं.

प्रयोग बरोबर आहे, पण स्केटिंगचा हिशेब जुळत नाही. बर्फाचा वितळणबिंदू एक अंशाने खाली आणायला साधारण १३५ वातावरणांचा दाब लागतो. माझं सगळं वजन पात्याच्या धारेवर आलं तरी फार तर दोन-चार अंशांचा फरक पडेल. रिंकचा बर्फ उणे चार-पाचच्या आसपास असतो, तिथवर कसंबसं चालवून घेऊ. पण थंड देशांत लोक गोठलेल्या तळ्यांवर उणे वीसमध्येही मजेत स्केटिंग करतात. आणि चिऊचं वजन बावीस किलो. सपाट बुटांनी बर्फावर उभा राहिलेला माणूससुद्धा घसरतोच, त्याच्या पायाखाली कुठला आलाय एवढा दाब? फॅरडेने १८५०मध्येच सांगितलं होतं की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा अगदी पातळ थर असतो. अगदी वरच्या रेणूंना धरून ठेवायला वरून शेजारी नसतात, म्हणून ते सैल राहतात. १९३९मध्ये बोडेन आणि ह्यूज यांनी दाखवलं की घर्षणाच्या उष्णतेचाही यात मोठा वाटा आहे. तुम्ही हे वाचून लगेच वहीत गणित मांडणार हे मला ठाऊक आहे. मांडा आणि मला पाठवा. सरांना मी तुमच्याबद्दल सांगितलंय, तेही तुमच्याच बाजूचे आहेत, दाबवाले.

आणखी एक गंमत तुम्हाला आवडेल. पात्याची खालची बाजू सपाट नसते, मधे खोलगट पन्हळ असते. त्यामुळे प्रत्येक पात्याला दोन धारा, आतली आणि बाहेरची. वळणं सगळी धारांवर घ्यायची असतात. आणि रिंक गुळगुळीत करणारं जे यंत्र असतं ते कॅलिफोर्नियात बर्फाचा धंदा करणाऱ्या फ्रँक झांबोनीने १९४९मध्ये काढलं. ते वरचा खरबडीत थर तासतं आणि मागे गरम पाणी पसरत जातं. गार नव्हे, गरम! जुन्या बर्फाचा वरचा पापुद्रा जरासा वितळून नवा थर त्याला घट्ट धरतो आणि गरम पाण्यात हवा कमी विरघळलेली असल्याने बर्फ स्वच्छ होतो.

आई, तू लोकरीचे जाड मोजे विणायला घेशील अशी मला शंका आहे. घेऊ नकोस. बूट पायाला आवळून बसावा लागतो, टाच आत जराही उचलली जाता कामा नये. म्हणून मोजे पातळच हवेत. जाड मोजा घातला की बूट सैल होतो, घोटा डुगडुगतो आणि मुलं रडतात की पाय दुखतोय. हातमोजे मात्र हवेतच, दोघींना. दुकानातले बर्फावर पडल्या पडल्या ओले होतात. तुझी ती दुहेरी विण चालेल.

आता तारखांचं. देहरादूनहून आलो की एक दिवस कपडे धुऊन, लगेच मांडवी एक्स्प्रेसने पनवेलहून निघतो. तिकिटं काढलीत, चिऊचे बाबा शनिवारी मागून येतील. तोवर हापूस संपत आलेला असेल, पण रायवळ आणि फणस आहेतच. साठं घालायला घेशील तेव्हा ऊन बघून घाल, आमच्यासाठी थांबू नकोस. शाळा सुरू होईपर्यंत आम्ही तिथेच आहोत, म्हणजे यंदा उलट पहिल्या पावसापर्यंत. हे फोनवर सांगायचं राहिलं.

बाबांच्या गुडघ्याच्या गोळ्या संपल्या असतील तर नाव लिहून पाठवा, येताना आणते.

मागच्या पानावर चिऊचा हात पेन्सिलने गिरवून दिलाय, माझा तुला माहीत आहे. रंग तिने स्वतः लिहिलाय: जांभळा, आणि अंगठा पिवळा.

तुमची,
मनू